विश्लेषण : खरखर गेली, पण आवाजही गेला! गिटारचा पॉट बदलताना काय तपासावे?

लग्नसराईत सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यातील वाद्यवृंदांना उसंत नसते. आज एका गावात हळद, उद्या दुसऱ्या गावात वरात. की-बोर्ड, ऑक्टोपॅड, इलेक्ट्रिक बँजो आणि गिटार टेम्पोत चढतात, धुळीतून फिरतात, उन्हात तापतात. अशा धावपळीत गिटारचे आवाजाचे बटण फिरवावे आणि मोठ्या स्पीकरमधून ‘खर्रर्र’ व्हावे, की वाजवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. गिटार रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात जाते. कारागीर आपल्या डब्यातला एक ‘कंट्रोल’ बसवून देतो. खरखर थांबते. मात्र रात्री मांडवात गिटार सुरू झाली, की तिचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबलेला येतो. वादकाला वाटते, पिकअपच गेला. नवा पिकअप किंवा नवी गिटार घेण्यापर्यंत गोष्ट जाते. अनेकदा बिघाड एवढाच असतो, की बसवलेला पॉट चुकीच्या मूल्याचा असतो. हा छोटासा भाग कसा निवडावा, कशासाठी पैसे मोजावेत आणि कशासाठी मोजू नयेत, याचा हा आढावा.

पॉट म्हणजे नेमके काय?

पॉट हे पोटेंशिओमीटर या शब्दाचे बोलीतले रूप. गिटारच्या बटणाखाली पत्र्याची एक गोल डबी असते आणि तिला तीन पाय असतात. आत कार्बनचा लेप दिलेली, घोड्याच्या नालेच्या आकाराची पट्टी असते. बाहेरचे दोन पाय या पट्टीच्या दोन टोकांना जोडलेले असतात. मधला पाय एका सरकत्या धातूच्या जिभेला जोडलेला असतो. बटण फिरवले की ही जीभ पट्टीवरून सरकते. पट्टी विजेला जितका विरोध करते, त्याला त्या पॉटचे मूल्य म्हणतात. ते ओहममध्ये मोजतात. ‘५०० के’ म्हणजे ५०० किलोओहम, अर्थात पाच लाख ओहम.

आवाजाच्या पॉटमध्ये पिकअपचा संकेत एका टोकाला येतो, दुसरे टोक अर्थिंगला असते आणि मधल्या पायावरून संकेत बाहेर जातो. जीभ अर्थिंगकडे सरकली की आवाज कमी होतो. टोनच्या पॉटसोबत एक कपॅसिटर असतो. बटण कमी केले की संकेतातील उंच कंप त्या कपॅसिटरमधून अर्थिंगला वाहून जातात आणि आवाज मऊ होतो.

खरखर आली म्हणजे पॉट बदलायलाच हवा का?

नाही. आधी खरखर कधी येते ते पाहावे. बटण फिरवतानाच येत असेल, तर पट्टीवर धूळ बसली आहे किंवा पट्टी झिजली आहे. बटणाला हात न लावताही येत असेल, तर दोष बहुधा जॅकमध्ये, वायरमध्ये किंवा सुटलेल्या सोल्डरमध्ये असतो. दुसरी वायर लावून पाहणे ही पहिली आणि फुकटातली तपासणी. जॅकचे नट सैल होऊन तो गिटारमध्ये फिरू लागला असेल, तर आतली तार पिळली जाऊन तुटू शकते. तेही पाहून घ्यावे.

फिरवतानाच खरखर येत असेल, तर पॉटच्या पायांच्या वरच्या फटीतून इलेक्ट्रॉनिक भागांसाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा फवारावा आणि बटण वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. वंगण असलेला क्लीनर घेतलेला बरा. पेट्रोल, रॉकेल किंवा गंजाचे नट सोडवण्यासाठी वापरतात तो सर्वसाधारण फवारा या कामाला वापरू नये. पेट्रोल-रॉकेलने आतले वंगण धुऊन जाते आणि दांडी कोरडी, सैल फिरू लागते. साध्या फवाऱ्याचा तेलकट थर मागे राहतो आणि खानदेशातली धूळ त्यावर आणखी चिकटते.

साफसफाईने खरखर गेली आणि हंगामभर परत आली नाही, तर पॉट चांगला आहे. दोन-तीन आठवड्यांत परत आली, बटणाच्या ठरावीक जागी आवाज तुटू लागला किंवा शून्यावर आणूनही आवाज पूर्ण बंद होत नसेल, तर मात्र पट्टी झिजली आहे. मग बदल करावाच लागतो.

एक अपवाद लक्षात ठेवावा. बॅटरीवर चालणाऱ्या प्रीॲम्पमधला एखादा कपॅसिटर गळू लागला, तर पॉटमध्ये डीसी व्होल्टेज शिरते. अशा वेळी कोरा पॉटही फिरवताना खरखरतो. नवा पॉट लावूनही तक्रार कायम राहिली, तर दोष पॉटच्या मागच्या सर्किटमध्ये शोधावा.

ॲम्प्लिफायरचा पॉट गिटारला का चालत नाही?

दुरुस्तीच्या दुकानात ॲम्प्लिफायरसाठी लागणारे १० के, ५० के, १०० के असे पॉट हाताशी असतात. दिसायला ते गिटारच्या पॉटसारखेच. ॲम्प्लिफायरच्या सर्किटला विजेचा पुरवठा असतो, त्यामुळे त्याला १० के चा भार जड जात नाही. गिटारच्या साध्या पिकअपला वीज नसते. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात आणि लोखंडी तार थरथरली की त्या वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते. या क्षीण संकेतापुढे पॉट हा एक भार असतो. पॉटचे मूल्य जितके कमी, तितका भार जास्त.

हिशेब करून पाहता येतो. दुहेरी गुंडाळीच्या पिकअपचा रोध साधारण ८ किलोओहम आणि इंडक्टन्स ४ हेन्री धरला आणि त्यापुढे १० के चा पॉट लावला, तर बटण पूर्ण उघडे असतानाही संकेत निम्म्याच्या थोडा वर उरतो. त्यातही साधारण ७०० हर्ट्झच्या वरचे कंप झपाट्याने घसरू लागतात. गिटारची सर्वांत बारीक तार मोकळी वाजवली, तर तिचा मूळ स्वर ३३० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे स्वर ऐकू येतो, पण त्याला धार देणारे वरचे कंप हरवतात. गोधडीखालून आल्यासारखा आवाज येतो तो यामुळे.

हाच परिणाम पॉट चांगला असतानाही होऊ शकतो. मंडपात अनेकदा गिटार थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडतात. त्या इनपुटचा भार साधारण १० ते २० किलोओहमच्या घरात असतो. गिटार ॲम्प्लिफायरचे इनपुट मात्र साधारण १ मेगाओहमचे, म्हणजे दहा लाख ओहमचे असते. मध्ये डीआय बॉक्स किंवा चालू स्थितीतला इफेक्ट प्रोसेसर असेल, तर हा प्रश्न येत नाही. म्हणून ‘घरी ॲम्पवर चांगली वाजते, मांडवात दबते’ अशी तक्रार असेल, तर पॉटला हात लावण्याआधी जोडणी तपासावी.

गिटार न उघडता चुकीचा पॉट ओळखता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. काही शे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गिटारला वायर लावावी, निवडीच्या स्विचने एकच पिकअप निवडावा, आवाज आणि टोन पूर्ण उघडे ठेवावेत. वायरच्या मोकळ्या टोकाला, पिनच्या टोकावर आणि तिच्या बाहेरच्या भागावर, मीटरच्या दोन सुया लावून रोध मोजावा. साध्या एकेरी पिकअपला साधारण ५ ते ७ किलोओहम, दुहेरीला ७ ते ९ किंवा काही वेळा त्याहून जास्त आकडा दिसतो.

पिकअप ८ किलोओहमचा असेल आणि पॉट ५०० के चा, तर मीटर ७.९ च्या आसपास दाखवतो. पॉट १० के चा असेल, तर तोच आकडा ४.४ पर्यंत खाली येतो. आकडा मिळतो आहे याचा अर्थ पिकअपची गुंडाळी शाबूत आहे. मीटरने काहीच दाखवले नाही, तर तार तुटली असण्याची शक्यता आहे. नवा पिकअप मागवण्याआधी दोन मिनिटांची ही तपासणी मोठा खर्च वाचवू शकते. बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपला मात्र ही पद्धत लागू पडत नाही.

२५० के की ५०० के?

स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टर या फेंडर कंपनीच्या गिटारींवर एकेरी गुंडाळीचे पिकअप असतात. त्यांचा आवाज मुळातच तीक्ष्ण. त्यांना २५० के चे पॉट लावण्याची पद्धत आहे. गिब्सनच्या लेस पॉलसारख्या गिटारींवर हंबकर, म्हणजे दुहेरी गुंडाळीचे पिकअप असतात. दोन गुंडाळ्या एकमेकींची गुणगुण मारतात, पण त्यांचा आवाज जरा भरीव आणि गडद असतो. त्यांना ५०० के चे पॉट लावतात. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक गिटारी याच दोन नमुन्यांवर बेतलेल्या असतात, त्यामुळे हाच नियम उपयोगी पडतो.

यामागचे कारण असे. पिकअपची गुंडाळी आणि वायर मिळून काही हजार हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा तयार करतात. गिटारच्या आवाजातील चमक त्या उंचवट्यातून येते. पॉटचा भार तो उंचवटा दाबतो. ५०० के चा पॉट कमी दाबतो म्हणून आवाज उजळ, २५० के चा जास्त दाबतो म्हणून आवाज सौम्य. आवाजाचा आणि टोनचा असे दोन्ही पॉट उंच कंपांवर एकत्र भार टाकतात. ५०० के चे दोन पॉट मिळून २५० के सारखे, तर २५० के चे दोन मिळून १२५ के सारखे वागतात.

हे नियम पोलादी नाहीत. फेंडरच्या जॅझमास्टरमध्ये १ मेगाओहमचे पॉट वापरले गेले, तर गिब्सनने १९७०च्या दशकात अनेक गिटारींत ३०० के चे पॉट बसवले. एकेरी पिकअप कानाला टोचत असेल, तर ५०० के लावण्यात अर्थ नाही. हंबकर फार जड वाटत असेल, तर २५० के लावून तो आणखी जड होईल. बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपचा हिशेब वेगळा आहे. त्यांना सहसा २५ के चे पॉट लागतात आणि तिथे ५०० के लावले, तर बटणाची चाल बिघडते.

ए आणि बी या अक्षरांचा अर्थ काय?

पॉटवर मूल्याच्या आधी किंवा नंतर एक अक्षर छापलेले असते. आशियात बनणाऱ्या आजच्या बहुतेक पॉटवर ‘ए’ म्हणजे ऑडिओ किंवा लॉग चाल आणि ‘बी’ म्हणजे लिनिअर, अर्थात समान चाल. काही जुन्या पॉटवर ही अक्षरे नेमकी उलट अर्थाने वापरलेली आढळतात, म्हणून केवळ अक्षरावर विसंबू नये.

कानाला आवाज सरळ हिशेबाने ऐकू येत नाही. संकेत निम्मा केला, तरी कानाला आवाज थोडाच कमी झाल्यासारखा वाटतो. समान चालीचा पॉट आवाजाला लावला, तर बटण १० वरून ५ वर आणेपर्यंत फारसा फरक जाणवत नाही आणि शेवटच्या दोन-तीन आकड्यांत सगळा आवाज एकदम गळून पडतो. गायकाच्या ओळीमागे गिटार हलकी करायची असते, तेव्हा हे फार अडचणीचे ठरते. ऑडिओ चालीचा पॉट मध्यावर संकेत साधारण १० ते १५ टक्क्यांवर आणतो आणि त्यामुळे कानाला उतार एकसारखा वाटतो.

ओळखण्याची पद्धत सोपी आहे. बटण बरोबर मध्यावर ठेवावे आणि मधला पाय व अर्थिंगकडचा पाय यांच्यातील रोध मोजावा. ५०० के चा पॉट २५० च्या आसपास दाखवत असेल, तर तो समान चालीचा. ५० ते ७५ च्या घरात दाखवत असेल, तर ऑडिओ चालीचा. आवाजाला आणि टोनला सर्वसाधारणपणे ऑडिओ चाल घ्यावी. विकृतीचा इफेक्ट लावून बटण थोडेसेच कमी-जास्त करणारे काही वादक आवाजाला मुद्दाम समान चाल पसंत करतात. ती सवयीची बाब आहे.

छापलेला आकडा खरा असतो का?

पूर्णपणे नाही. साध्या पॉटमध्ये २० टक्के इकडे-तिकडे होण्याची मुभा असते. म्हणजे ‘५०० के’ छापलेला पॉट ४०० चाही असू शकतो आणि ६०० चाही. दोन्ही नियमात बसतात, पण गिटारवर त्यांचा आवाज सारखा येणार नाही. ‘नव्या पॉटने आवाज खुलला’ असे जेव्हा वादक सांगतात, तेव्हा अनेकदा जुना पॉट ४१० चा आणि नवा ५४० चा असतो, एवढेच. १० टक्के मर्यादेचे पॉटही मिळतात आणि थोडे जास्त पैसे त्यासाठी मोजणे योग्य ठरते.

केळीचा व्यापारी घड हातात घेऊन पाहिल्याशिवाय भाव ठरवत नाही. पॉटचेही तसेच करावे. शक्य असल्यास दोन-तीन एकत्र घ्यावेत, प्रत्येक मोजावा आणि डबीवर आकडा लिहून ठेवावा. जास्त मूल्याचा पॉट गडद पिकअपला, कमी मूल्याचा तीक्ष्ण पिकअपला लावावा. मोजताना पॉट गिटारच्या तारांपासून सुटा असावा, नाहीतर पिकअपचा रोधही त्यात मिसळतो. दोन्ही सुयांच्या टोकांना बोटे लावू नयेत. घामेजलेल्या हातातूनही वीज वाहते आणि एवढ्या मोठ्या मूल्याला आकडा चुकतो.

आणखी दोन गोष्टी मीटरवर पाहाव्यात. बटण शून्यावर असताना मधला पाय आणि अर्थिंगचा पाय यांच्यातील रोध जवळजवळ शून्य यावा. बटण सावकाश फिरवताना आकडा सलग बदलावा, मध्येच उडी मारू नये. जुन्या काट्याच्या मीटरवर ही उडी डिजिटलपेक्षा स्पष्ट दिसते. एखाद्या दुकानदाराकडे तसा मीटर असेल, तर तोच वापरावा.

पॉट बसेल की नाही, हे कसे कळणार?

मूल्य बरोबर आणि चाल बरोबर, पण पॉट गिटारमध्ये जातच नाही, हा बाहेरगावाहून मागवणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव. सावद्यातून परत पाठवण्यात आठवडा जातो आणि तोवर कार्यक्रमाची तारीख येऊन ठेपते. म्हणून पट्टी किंवा व्हर्निअर घेऊन चार मापे आधी घ्यावीत.

पहिले माप आटे पाडलेल्या नळीच्या जाडीचे. अमेरिकी पद्धतीच्या मोठ्या पॉटची नळी ३/८ इंच, म्हणजे साधारण ९.५ मिलिमीटरची असते. अनेक स्वस्त आशियाई गिटारींत ७ किंवा ८ मिलिमीटर नळीचे छोटे पॉट असतात आणि भोकही तेवढेच. मोठा पॉट त्यात जाणार नाही. भोक मोठे करायचेच असेल, तर हाताने फिरवायच्या रीमरने हळूहळू करावे. ड्रिल मशीन लावले, की रंगाचे टवके उडतात आणि प्लास्टिकची पट्टी तडकते.

दुसरे माप नळीच्या उंचीचे. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर बसणाऱ्या पॉटला आखूड नळी पुरते. लेस पॉलसारख्या जाड लाकडातून वर येणाऱ्या पॉटला लांब नळी लागते. आखूड घेतली, तर वरून नट बसतच नाही.

तिसरे माप दांडीचे. दांडी गुळगुळीत असेल, तर स्क्रूने आवळायचे बटण लागते. खाचांची आणि मधून चिरलेली असेल, तर दाबून बसवायचे. अमेरिकी पॉटवर २४ बारीक, तर मेट्रिक पॉटवर १८ जाड खाचा असतात. गुळगुळीत दांडीतही ६ आणि ६.३५ मिलिमीटर असे दोन प्रकार आहेत. जुने बटण नव्या दांडीवर ठोकून बसवू नये. बटण फुटते, शिवाय त्या ठोक्यांनी पॉटच्या आतील भागही हलतो.

चौथे माप डबीचे. मोठ्या पॉटचा व्यास २४, छोट्याचा १६ मिलिमीटर. ओढून चालू-बंद होणारा पॉट घ्यायचा असेल, तर त्याची खोली बरीच जास्त असते. गिटारच्या आतला खळगा तितका खोल आहे का, ते आधी पाहावे.

महागडा ब्रँड घेतला, तर आवाज सुधारतो का?

मूल्य आणि चाल सारखी असेल, तर ब्रँड बदलल्याने आवाजात फरक पडत नाही. पिकअपला पॉटवरचे नाव कळत नाही, त्याला फक्त भार कळतो. जास्त पैसे देऊन मिळते ते वेगळे : मूल्यातील अचूकता, दांडीची घट्ट आणि एकसारखी फिरत, डुगडुग नसणे आणि जास्त आयुष्य. कंपन्या आपल्या तांत्रिक पत्रकात पॉट किती फेऱ्या टिकेल तो आकडा देतात. साध्या कार्बनच्या पॉटचा तो हजारांत असतो. कंडक्टिव्ह प्लास्टिकची पट्टी असलेले पॉट त्याच्या अनेकपट टिकतात.

अमेरिकेतील सीटीएस आणि बॉर्न्स, तैवानची अल्फा आणि जपानची आल्प्स ही या क्षेत्रातील जुनी नावे. घरी सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला अल्फाच्या दर्जाचा पॉट पुरेसा होतो. हंगामभर रात्रंदिवस वाजवणाऱ्याने त्याहून टिकाऊ पॉट घ्यायला हरकत नाही. निनावी सुटा पॉटही मीटरवर खरा उतरला आणि दांडी घट्ट असली, तर चालतो. फक्त तो किती दिवस टिकेल, याची खात्री नसते.

जुन्या सीटीएस पॉटवर एक गमतीदार माहिती सापडते. ही कंपनी १८९६ मध्ये शिकागो टेलिफोन सप्लाय या नावाने सुरू झाली. तिच्या पॉटवर १३७ हा उत्पादक क्रमांक आणि त्यापुढे वर्ष व आठवडा छापलेला असतो. ‘१३७६७१२’ म्हणजे १९६७ चा बारावा आठवडा. ‘जुनी अमेरिकी गिटार आहे’ असे सांगून कोणी विकत असेल, तर हा आकडा पडताळणीस मदत करतो. त्यातून गिटार त्या तारखेच्या आधीची नाही एवढेच कळते, तेही पॉट मूळचा असेल तर.

बसवताना काय सांभाळावे?

चांगला पॉट सोल्डर करतानाच मारला जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. अर्थिंगची तार डबीच्या पाठीवर सोल्डर करावी लागते आणि पत्रा उष्णता शोषून घेतो. मोबाइल दुरुस्तीचे बारीक टोकाचे हत्यार तिथे पुरत नाही. कारागीर मिनिटभर टेकवून ठेवतो आणि आतली पट्टी भाजते. उलट, पंपाच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्याचे जाड हत्यार पाठीला चालते, पण नाजूक पायांना ते जास्त होते. ४० ते ६० वॉटचे, रुंद टोकाचे हत्यार मध्यम मार्ग ठरते. पाठीवर पॉलिश पेपर घासून चकाकी काढावी, आधी थोडे सोल्डर चढवावे, मग तार तीन-चार सेकंदांत चिकटवावी. पायांना दोन सेकंद पुरतात.

उघडताच जुन्या जोडणीचे मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी छायाचित्र काढावे. टोनचा कपॅसिटर चांगला असेल, तर तोच पुन्हा लावता येतो. नट आवळताना पॉट आत फिरू देऊ नये, त्यासाठी दातेरी वायसर खाली ठेवावा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल, तर ब्रिजची अर्थिंग जोडलेली आहे. पूर्वी कमी होत होती आणि आता होत नाही, तर एखादी अर्थिंगची तार सुटली आहे.

इलेक्ट्रिक बँजोला हेच नियम लागू होतात का?

महाराष्ट्रात ज्याला बँजो म्हणतात, ते वाद्य म्हणजे बुलबुल तरंग. १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्याशी त्याचे नाते आहे. त्यावर गिटारसारखा चुंबकाचा पिकअप बसवलेला असेल, तर वरचे सगळे नियम जसेच्या तसे लागू पडतात : एकेरी गुंडाळीला २५० के, दुहेरीला ५०० के. मात्र लाकडाला चिकटवलेली पिझो चकती असेल, तर तिला १ मेगाओहम किंवा त्याहून मोठा भार लागतो. लहान पॉट लावला, तर इथे उलटा परिणाम होतो. खर्ज नाहीसा होतो आणि आवाज पत्र्यासारखा किरटा येतो. त्यामुळे पॉट बदलण्याआधी आत कोणता पिकअप आहे, ते पाहावे.

मागवण्यापूर्वी चिठ्ठीवर काय लिहावे?

जळगाव, भुसावळ किंवा बऱ्हाणपूरला कोणी जात असेल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून कोणाकरवी आणायचे असेल वा ऑनलाइन मागवायचे असेल, तर ‘गिटारचा पॉट’ एवढेच सांगून भागत नाही. चिठ्ठीवर आठ गोष्टी असाव्यात : पिकअप एकेरी की दुहेरी, बॅटरीचा की साधा, पॉटचे मूल्य, चाल ऑडिओ की समान, नळीची जाडी, नळीची उंची, दांडी गुळगुळीत की खाचांची आणि खाचा किती, डबीचा व्यास. शक्य असेल, तर जुना पॉटच सोबत द्यावा. मात्र तो मूळचा आहे की आधीच्या दुरुस्तीत बदललेला, हे मोजून खात्री करावी. चुकीचा नमुना पाठवला, तर चुकीचाच पॉट परत येतो.

नवा पॉट बसल्यावर गिटार ॲम्पला लावून बटण दहावरून शून्यापर्यंत सावकाश फिरवावे. उतार एकसारखा आहे का, शून्यावर आवाज पूर्ण बंद होतो का, दहावर धार परत आली का, हे तिन्ही कानांनी तपासावे. ही तपासणी कार्यक्रमाच्या निदान दोन दिवस आधी करावी. काही चुकले असेल, तर दुरुस्तीला वेळ मिळतो. मांडवात पाहुणे बसल्यावर तो मिळत नाही.